दराचं पाकीट सर्वांत शेवटी

सकाळी ७.३०

खरेदी खात्याचा दिवस ऑफिसात नाही, स्टोअरमध्ये सुरू होतो. मिरजेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मी खरेदी अधिकारी आहे. खाटा तीनशेच्या आसपास, ऑपरेशन थिएटर, म्हणजे ओटी, चार. आल्या आल्या फ्रिजची नोंदवही बघायची. इन्सुलिन, लशी, भूलतज्ज्ञांना लागणारं सक्सिनिलकोलीन रात्रभर २ ते ८ अंशांतच राहिलं ना, ते पाहायचं. मग लाल टिकली लावलेलं कपाट. त्यातल्या वस्तू संपल्या तर माणूस दगावतो. अ‍ॅड्रेनलिन तिथे, अ‍ॅट्रोपिन तिथे. दोन्ही स्वस्त. वर्षाच्या खर्चाचा तक्ता मांडला तर ही औषधं शेवटच्या पानावरही सापडायची नाहीत.

म्हणून आम्ही दोन वर्गवाऱ्या शेजारी शेजारी ठेवतो. एबीसी सांगते पैसा कुठे जातो, व्हीईडी सांगते जीव कुठे अडकतो : व्हायटल, इसेन्शियल, डिझायरेबल. पुरवठादार निवडायला किती डोकं खर्चायचं, हे या दोन्हींच्या छेदावर ठरतं. फिनेल आणि केरसुणीसाठी तीन कोटेशन मागवून स्वस्तातलं घेतो, त्यात कमीपणा काही नाही. आजचा विषय मात्र केरसुणीचा नाही. आज वर्षभराचे सर्जिकल ग्लोव्हज कुणाकडून घ्यायचे ते ठरणार आहे.

८.४५

ओटीच्या सिस्टर इन्चार्जचा फोन. "साडेसहा नंबर किती आहेत?" मी सांगितलं, आठवडाभराचे. "आठवडाभराचे म्हणजे चार दिवसांचे. एक घालायला दोन फाडावे लागतायत." चालू करारातल्या मालाबद्दल गेल्या तिमाहीत हीच तक्रार कागदावर आली आहे. फाटलेला ग्लोव्ह ओटीतल्या लाल पिशवीत जातो आणि हिशेबात कुठेच दिसत नाही. बिलावर जोडीचा दर असतो, वापरलेल्या जोडीचा नसतो.

पाच जणांनी निविदा भरल्या होत्या. पद्धत दोन पाकिटांची. तांत्रिक पाकीट गेल्या आठवड्यात उघडलं. एकाकडे मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखालचं एमडी-४२ हे विक्रीचं नोंदणीपत्रच नव्हतं, "अर्ज केलाय" एवढंच उत्तर. तो तिथेच बाद. उरलेल्या चौघांची दराची पाकिटं अकाउंटंट काकांच्या लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली त्यांच्या जानव्याला, असं आम्ही गमतीने म्हणतो.

१०.३०

खरेदी समितीची बैठक. ओटीच्या सिस्टर, एक सर्जन, संसर्ग नियंत्रणाच्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडम, स्टोअरचे फार्मासिस्ट, अकाउंटंट काका आणि मी. टेबलावर दर नाहीत, कंपन्यांची नावं नाहीत. कोरा तक्ता आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी दरवर्षी भांडतो.

पद्धतीचं नाव अ‍ॅनालिटिक हायरार्की प्रोसेस, आमच्यात नुसतं एएचपी. थॉमस सॅटी या गणितज्ञाने ती १९७०च्या दशकात मांडली. मोसुलमध्ये जन्मलेला हा माणूस त्याआधी अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यात होता. तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ आणि वकील एकत्र बसत, पण कशाला किती महत्त्व द्यायचं यावर त्यांचं गाडं अडायचं. सॅटीने काढलेली वाट साधी आहे : सगळ्या निकषांना एकदम गुण देऊ नका. दोन-दोन समोरासमोर उभे करा आणि विचारा, यातला कोणता महत्त्वाचा, आणि किती? सारखे असतील तर १, टोकाचा फरक असेल तर ९. चार निकष असले की प्रश्न होतात सहा.

आमचे चार निकष : गुणवत्ता, दर, वेळेवर पुरवठा आणि बदली, म्हणजे खराब किंवा एक्स्पायरी जवळ आलेला माल कटकट न करता परत घेणं.

गुणवत्ता की दर? सिस्टर म्हणाल्या, "गुणवत्ता. दुप्पट." काकांनी ओठ आवळले, पण मानले. दर की पुरवठा? काका म्हणाले, दर, दुप्पट. मग गुणवत्ता की पुरवठा असं विचारलं आणि आतापर्यंत गप्प बसलेले फार्मासिस्ट उसळले. "मालच आला न्हाई तर क्वालिटी काय चाटायचीय का? ऑगस्ट २०१९ विसरला काय?"

ते इथे कुणीच विसरलेलं नाही. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा एकाच वेळी पात्र सोडून बाहेर आल्या, सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. फार्मासिस्टांनी पुरवठ्याला गुणवत्तेच्या दुप्पट वजन दिलं.

उरलेली तीन उत्तरं भरून मी लॅपटॉपवर गणित केलं. सुसंगती गुणोत्तर आलं ०.१७. सॅटीने घालून दिलेली मर्यादा आहे ०.१०. म्हणजे आमचं बोलणं एकमेकांना छेद देत होतं. कागदावर ते उघड दिसत होतं : गुणवत्ता दरापेक्षा वरचढ, दर पुरवठ्यापेक्षा वरचढ, आणि पुरवठा पुन्हा गुणवत्तेपेक्षा वरचढ. गोल फिरून आम्ही होतो तिथेच आलो होतो.

या पद्धतीतलं मला सर्वांत आवडतं ते हे. एरवी अशा बैठकीत तिघे तीन दिशांना बोलतात, चहा येतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं इतिवृत्तात जातं. इथे एक आकडा सांगतो की तुमचं तुम्हालाच जुळत नाहीये. कोण चूक ते तो सांगत नाही, म्हणून कुणी दुखावतही नाही.

तोड मॅडमनी काढली. त्या म्हणाल्या, महामार्ग बंद पडला की पुण्याचा काय आणि मुंबईचा काय, सगळ्यांचाच माल अडकणार. पुरवठादारांत डावं-उजवं करायला त्याचा उपयोग थोडाच. पुराची भीती खरी आहे, पण तिला उत्तर वेटेज नाही, साठा आहे. जूनच्या आत महिन्याभराचे ग्लोव्हज जादा घ्या, तळघरातून काढून वर ठेवा, आणि एकावर अवलंबून राहू नका. फार्मासिस्ट थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वर जागा द्या, मग माझं काय म्हणणं न्हाई." दुसऱ्या मजल्यावरची एक खोली तिथल्या तिथे लिहून दिली, आणि गुणवत्ता पुरवठ्याच्या तिप्पट ठरली.

गणित पुन्हा केलं. गुणवत्ता ४८ टक्के, दर २७, पुरवठा १६, बदली ९. सुसंगती गुणोत्तर ०.०१ च्याही खाली. सहा सह्या, तारीख, वेळ.

काकांना २७ कमी वाटत होते. त्यांना मी जी. डब्ल्यू. डिक्सन यांच्या १९६६ च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिका-कॅनडातल्या १७० खरेदी व्यवस्थापकांना त्यांनी पुरवठादार निवडीचे २३ निकष देऊन महत्त्व विचारलं होतं. पहिली आली गुणवत्ता, दुसरा वेळेवर पुरवठा, आणि किंमत सहावी. काका म्हणाले, "त्यांचे ट्रस्टी वेगळे असतील."

१.००

डबा उघडतोय तोवर एका पुरवठादाराचा प्रतिनिधी दारात. हातात पेढ्यांचा बॉक्स, मुलगी पास झाल्याचे म्हणे. निविदा चालू असताना पेढासुद्धा घेत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं आणि तरी तो आणतो. बॉक्स परत गेला.

त्याच्या मागोमाग एका विश्वस्तांचा फोन. "त्यात आपल्या ओळखीतला एक आहे, बघा जरा." मी म्हटलं, "साहेब, वेटेजवर सकाळीच सह्या झाल्यात. आता माझ्या हातात फक्त बेरीज आहे." पलीकडे क्षणभर शांतता, मग "बरं, बरं." वर्षातून दोन-तीनदा हे वाक्य मला वाचवतं. चांगल्या पद्धतीचा एक उपयोग असाही आहे की ती भिडस्त माणसाला नाही म्हणायला आधार देते.

२.१५

ओटीच्या धुण्याच्या खोलीत सलाईनच्या स्टँडला आडवा दांडा बांधलाय. त्यावर ग्लोव्हज उलटे नाहीत, बोटं खाली करून टांगलेत. वॉर्डबॉय मोजपात्राने प्रत्येकात एक लिटर पाणी ओततो. रबर ताणून ताणून अर्धपारदर्शक होतं, बोटं फुगून जाड होतात, तळवा खाली झुकतो. लगेच एकदा बघायचं, दोन मिनिटांनी पुन्हा. मनगटाच्या काठाजवळचा थेंब धरत नाहीत. बोटांच्या बेचक्यात किंवा टोकाला आलेला थेंब मात्र धरतात.

ही आमची कल्पना नव्हे. ग्लोव्हजच्या आंतरराष्ट्रीय मानकांतली गळती-चाचणी हीच आहे, आणि सर्जिकल ग्लोव्हजसाठी तिची स्वीकार पातळी, एक्यूएल, १.५ धरतात. आमचा नमुना छोटा असल्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा तो घेत नाही. तो अहवाल प्रत्येकाने जोडलेलाच आहे. पण अहवाल एका बॅचचा असतो आणि माल दुसऱ्या बॅचचा येऊ शकतो. नळाखाली ते कळतं.

पाकिटांवर कंपनीचं नाव नाही, चिकटपट्टी लावून क, ख, ग, घ लिहिलंय. सिस्टर एकेका बोटावरून कोरडा टिश्यू फिरवतात. क कोरडा. ख कोरडा. ग च्या एका अंगठ्याला ओल लागली, ती नोंदली. घ च्या दांड्याखाली फरशीवर चक्क डबकं. दुसऱ्या खेपेलाही तेच, वेगळ्या बॉक्समधून काढले तरी.

काका दारात उभे होते. त्यांनी विचारलं, घ ला गुणवत्तेत कमी गुण देऊन यादीत ठेवता येणार नाही का? त्याचे दर चांगले असले तर?

इथेच वेटेजच्या बेरजेची खोड आहे, आणि ती ओळखल्याशिवाय कुणी या पद्धती हातात घेऊ नयेत. बेरजेत एका खान्यातला तोटा दुसऱ्या खान्यातल्या नफ्याने भरून निघतो. दर पुरेसा पाडला तर गळका ग्लोव्हही शर्यतीत राहतो. पण दोन रुपयांची बचत सर्जनच्या बोटाशी लागलेल्या रक्ताची भरपाई करत नाही. परवाना, निर्जंतुकीकरणाचा पुरावा, गळती : या तीन गोष्टींना गुण नसतात. त्या उंबरठा असतात. ओलांडला तर आत, नाहीतर घरी. घ घरी गेला, त्याचं दराचं पाकीट उघडलं जाणार नाही.

उरलेल्या तिघांचे ग्लोव्हज सर्जनांनी आधीच वापरून पाहिले होते, तेही नाव न कळता. घालताना फाटला का, ओल्या हातात सुई-धागा घट्ट धरता येतो का, मनगटाशी गुंडाळून खाली येतो का, तासाभरानंतर बोटं अवघडतात का. यावरून आणि आजच्या पाण्यावरून गुणवत्तेचे गुण ठरले : क ला ९०, ख ला ७५, ग ला ६०. पुरवठ्याचे गुण जुन्या ऑर्डरची तारीख आणि माल पोचल्याची तारीख लावून काढले. नव्या पुरवठादाराबद्दल दुसऱ्या दोन रुग्णालयांना फोन केले.

३.४५

कपाट उघडलं. पाकिटावरची लाख आणि सगळ्यांच्या सह्या तपासल्या. जोडीचा दर, करासकट : क २० रुपये, ख १८, ग १६.

खोलीतली हवा बदलली. हे दरवेळी होतं. १६ आकडा ऐकला की सकाळी गुणवत्तेसाठी भांडलेला माणूसही खुर्चीत पुढे सरकतो. काकांनी पेन काढलं : वर्षाला साठ हजार जोड्या धरल्या तर क आणि ग यांच्यात दोन लाख चाळीस हजारांचा फरक. आकडा बरोबर आहे. पण तो आता आलाय, वेटेज ठरल्यावर. आधी आला असता तर दराला २७ टक्के मिळाले असते का? मला नाही वाटत. पन्नास मिळाले असते आणि प्रत्येकाने त्याला तत्त्वाचं नाव दिलं असतं.

सरकारी खरेदीत हा प्रश्न फार काळ वेगळ्या पद्धतीने सोडवला गेला : तांत्रिक अटी पुऱ्या केल्या की सर्वांत कमी दरवाला, एल-१, जिंकला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने गुणवत्तेलाही वजन देण्याची मुभा ठराविक अटींवर वाढवली, पण ते वजन ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये असं बंधन घालून. लेखापरीक्षणाच्या धाकात काम करणाऱ्यांना एल-१ सोपा पडतो, हे समजू शकतं. ट्रस्टच्या रुग्णालयाला ती सक्ती नाही. मग तिचा आडोसा घेण्यात अर्थ नाही.

बेरीज अशी आली : ख ८३.३, क ८३.१, ग ६९.९.

"ख जिंकला," काका म्हणाले. ख सांगलीतला वितरक, दर मधला, माल सांगितल्या दिवशी पोचवणारा.

५.००

जिंकला नव्हता. दोन दशांशांच्या फरकावर वर्षाचा करार द्यायचा म्हणजे तराजूच्या काट्याच्या थरथरीला वजन समजण्यासारखं आहे. अशा वेळी वेटेज थोडं हलवून बघायचं. गुणवत्तेला ४८ ऐवजी ५२ आणि दराला २३ केलं, तर क पुढे : ८३.५ विरुद्ध ८२.७. उलट दराला ३१ आणि गुणवत्तेला ४४ केलं, तर ख चांगलाच पुढे. म्हणजे या दोघांतली निवड आमच्या चार टक्क्यांच्या मतावर टांगलेली आहे.

आमच्याकडे एमबीएची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी येते. तिने हाच तक्ता टॉप्सिसमध्ये घातला. ह्वांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत बेरीज करत नाही. प्रत्येक निकषातलं उत्तम एकत्र करून एक आदर्श पुरवठादार कल्पायचा, सगळं वाईट एकत्र करून एक टाकाऊ कल्पायचा, आणि प्रत्येक उमेदवार पहिल्याच्या किती जवळ व दुसऱ्यापासून किती लांब ते मोजायचं. तिचं उत्तर आलं क ०.७२, ख ०.५७, ग ०.२२. तेच गुण, तेच वेटेज, पण पहिला नंबर वेगळा.

ती बिचारी घाबरली. "सर, माझं काहीतरी चुकलंय." चुकलं काहीच नव्हतं. टॉप्सिसमध्ये गुणवत्तेतलं अंतर जास्त ठळक होतं आणि दरातलं अंतर आकसतं, म्हणून क वर गेला. दोन मान्यताप्राप्त पद्धती दोन विजेते देतात, तेव्हा त्या आपल्याला खरी माहिती देत असतात : हे दोघे तुल्यबळ आहेत. आणि दोन्ही पद्धती ज्यावर एकमत आहेत ते जास्त महत्त्वाचं : ग तिसरा. मी गंमत म्हणून दराला थेट ५० टक्के देऊन पाहिलं, ती २३ टक्के वाढ गुणवत्तेतून काढून. तरी ग तिसराच, आणि ख पहिला. काकांना हा तक्ता मी मुद्दाम छापून दिला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "स्वस्तवाला स्वस्तातसुद्धा हरतोय की वो."

निर्णय मग सरळ झाला. करार दोघांना : ६० टक्के क, ४० टक्के ख. मोठ्या आणि लांब चालणाऱ्या शस्त्रक्रियांना क, ड्रेसिंग आणि छोट्या प्रक्रियांना ख. सरासरी दर १९ रुपये २० पैसे. ग घेतला असता तर वर्षाला एक लाख ब्याण्णव हजार वाचले असते, ही ओळही इतिवृत्तात लिहिली, कारण ती लपवली तर उद्या दुसरा कुणी शोधून काढेल. शेजारी सिस्टरांची ओळ : चालू करारात फाटलेल्या जोड्यांची नोंद कधीच ठेवली गेली नाही, यापुढे ओटीच्या रजिस्टरात रोज ठेवली जाईल. वर्षाअखेर न वाचवलेल्या त्या दोन लाखांचं खरं-खोटं त्या रजिस्टरावरून ठरेल.

क ला फोन केला. दर कमी करायला तो तयार झाला नाही. पंधरा दिवसांचा साठा सांगलीतल्या आपल्या डीलरकडे ठेवायला मात्र तयार झाला, आणि ते करारात घातलं. पावसाळ्याच्या तोंडावर मला रुपयापेक्षा ते बरं.

६.३०

ख स्वतः आला. पन्नाशीचा माणूस, दुचाकीवरून. निम्म्याहून जास्त करार दुसऱ्याला गेल्याचं त्याला वाईट वाटलं, पण त्याचा प्रश्न वेगळाच होता. "साहेब, ऑर्डर द्याल. बिल कधी निघणार?"

या प्रश्नाला एएचपीत खाना नाही. पुरवठादारही आम्हाला गुण देत असतात : कोणतं रुग्णालय किती दिवसांत पैसे देतं, कोण चेक तयार आहे म्हणून तीनदा बोलावतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात लघुउद्योगांचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करा असं लिहिलंय. आमच्याकडे विम्याचे पैसे अडकले की तीन-तीन महिने जातात. टंचाई आली की पुरवठादार पहिला ट्रक कुणाकडे वळवतो, हे त्याच्या वहीतल्या आमच्या गुणांवर ठरतं. वेळेवर पुरवठ्याचे अर्धे गुण आपल्याच अकाउंट्स खात्यात असतात, हे मी समितीत दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी पुढच्या बैठकीवर जातं. आज काकांनी ख ला ४५ दिवस लिहून दिले. सहीखाली तारीखही टाकली.

७.४५

जाण्यापूर्वी फाईल लावली. एमडी-४२ च्या प्रती, पाण्याच्या चाचणीचा कागद, सर्जनांचे अर्ज, दोन्ही पद्धतींचे तक्ते, दराची उघडलेली तीन पाकिटं आणि न उघडलेलं एक. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे तपासनीस आले की पुरवठादार कसा निवडला हे विचारतातच. पण फाईल त्यांच्यासाठी नाही. पुढच्या वर्षी या खुर्चीत दुसरं कुणी असेल, तर आम्ही गुणवत्तेला ४८ का दिले हे त्याला कळायला हवं, आणि पटलं नाही तर बदलताही यायला हवं. दर तीन महिन्यांनी दोघांनाही नव्याने गुण दिले जातील. ६०-४० हे प्रमाण त्यावर सरकेल.

एखाद्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर तुम्ही असाल, तर तुम्हाला ही गणितं येण्याची गरज नाही. पुढच्या खरेदी बैठकीत दोनच तारखा विचारा : वेटेजच्या तक्त्यावर सह्या कधी झाल्या, आणि दराची पाकिटं कधी उघडली. दुसरी तारीख आधीची निघाली, तर तो तक्ता परत पाठवा.